हब घेण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट ओळखा

दुकानात जाऊन यूएसबी-सीचा हब, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टाला मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडून देणारी डबी, मागितली की पहिला प्रश्न येतो, "फोर-केवाला देऊ का साधा?" खरं तर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कुणी विचारत नाही, तो असा: तुमच्या लॅपटॉपच्या त्या लहानशा लंबगोल पोर्टातून चित्र बाहेर येतं का?

बाजारातले बहुतेक हब स्वतः चित्र तयार करत नाहीत. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप पोर्टापर्यंत जे आणून सोडते, तेच हब एचडीएमआयच्या साच्यात घालून पुढे पाठवतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? असा हब महाग असो की स्वस्त, पोर्टात चित्र नसेल तर मॉनिटरवर 'नो सिग्नल' याशिवाय काही उमटत नाही, आणि मग हब खराब म्हणून परत करण्याची वारी सुरू होते.

त्याआधी आणखी एक गोष्ट. लॅपटॉपला पूर्ण आकाराचं एचडीएमआय पोर्ट असेल आणि एकच मॉनिटर जोडायचा असेल, तर हब घेऊच नका. साधी एचडीएमआय केबल लावा, काम झालं. हब लागतो तो तीन प्रसंगी: लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी पोर्टं आहेत, एचडीएमआयवर एक मॉनिटर आहे आणि दुसरा हवा आहे, किंवा रोज घरी आल्यावर एकच वायर खोचून मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि चार्जिंग सगळं सुरू व्हावं अशी इच्छा आहे. तिसरं कारण चैनीचं वाटतं, पण एकदा सवय झाली की माणूस मागे जात नाही.

पोर्ट कसं ओळखायचं

यूएसबी-सी हे खाचेच्या आकाराचं नाव आहे, आतल्या सोयींचं नाही. हा आकार २०१४ साली ठरला. त्याच वर्षी पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेनं या पोर्टातून डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखीच चित्र पाठवायची दुसरी जोडणी) चित्र पाठवण्याची पद्धत जाहीर केली. तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. गोम अशी की ती ऐच्छिक आहे. लॅपटॉप बनवणाऱ्यानं द्यावी किंवा देऊ नये. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोर्टांपैकी एकातून चित्र येतं, आणि दुसऱ्यातून फक्त पेन ड्राइव्ह चालतो. कमी किमतीच्या लॅपटॉपांत हे फार दिसतं. कधीकधी तर एकाच लॅपटॉपच्या दोन यूएसबी-सी पोर्टांत असा फरक असतो.

आता पोर्टाशेजारी काय छापलंय ते उजेडात धरून बघा. विजेच्या बाणासारखं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, यूएसबी-सीच्याच आकाराची जास्त वेगवान जोडणी. त्यातून चित्र येतंच. 'डी' आणि 'पी' ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेलं चिन्ह म्हणजे डिस्प्लेपोर्ट, तेही चालेल. नुसतं 'एसएस' किंवा '१०' असेल तर ती डेटाच्या वेगाची खूण आहे, त्यावरून चित्राबद्दल काही कळत नाही. बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह चार्जिंगचं. अनेक कंपन्या काहीच छापत नाहीत, म्हणून चिन्ह दिसलं नाही तर लगेच निराश होऊ नका.

पक्की खात्री मॉडेल नंबरावरून होते. तो लॅपटॉपच्या पोटावर बारीक अक्षरांत असतो, किंवा विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथे दिसतो. तोच नंबर घालून कंपनीच्या साइटवरचं तांत्रिक माहितीचं पान उघडा आणि यूएसबी-सीच्या ओळीत 'डिस्प्लेपोर्ट', 'ऑल्ट मोड', 'थंडरबोल्ट' किंवा 'यूएसबी४' यांपैकी एखादा शब्द शोधा. 'फक्त डेटा ट्रान्सफर' असं लिहिलं असेल तर विषय संपला. विक्रीच्या साइटवरचं वर्णन मात्र प्रमाण मानू नका. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-पाच उपप्रकार असतात आणि तिथे त्यांची सरमिसळ झालेली असते.

एम मालिकेतली चिप असलेल्या मॅकबुकांच्या यूएसबी-सी पोर्टातून चित्र येतं, तिथे हा प्रश्न नाही. तिथे प्रश्न वेगळा: किती मॉनिटर? साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम३ एअरला दोन चालतात, पण झाकण मिटल्यावर. एम४ एअरला झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. दोन एचडीएमआय पोर्टांचा हब घेतला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. शिवाय एकाच यूएसबी-सीमधून दोन मॉनिटरांना वेगवेगळं चित्र देण्याची जी पद्धत विंडोजवाले लॅपटॉप सर्रास वापरतात, ती मॅकओएस वापरत नाही. तशा हबवर मॅकचं एकच चित्र दोन्ही मॉनिटरांवर दिसतं.

पोर्टातून चित्र येत नसेल तर

तरीही एक वाट आहे: डिस्प्लेलिंक चिप असलेला हब किंवा डॉक (टेबलावर ठेवायचा मोठा हब). यात चित्र पोर्टातून चित्र म्हणून निघतच नाही. लॅपटॉपवर टाकलेलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आकुंचित करून साध्या यूएसबी डेटासारखा पाठवतं, आणि हबमधली चिप तो उलगडून मॉनिटरवर दाखवते. त्यामुळे हे जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टावरही चालतं.

पण याची किंमत मोजावी लागते. ही साधनं नेहमीच्या हबपेक्षा महाग असतात. प्रोसेसरवर थोडा भार येतो. ओटीटीवरचे चित्रपट त्या मॉनिटरवर काळे दिसू शकतात, कारण नक्कल रोखणारं संरक्षण आड येतं. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ते बघून लोक दचकतात. ती चित्र पाठवण्यासाठीच लागते. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ड्रायव्हर टाकायला आयटी विभागाची परवानगी हवी. हब आणण्याआधी त्यांना विचारा. टॅली, एक्सेल, ईमेल, ऑनलाइन वर्ग यांना हे पुरेसं आहे. गेम खेळण्यासाठी घेऊ नका.

फोर-के, तीस आणि साठ

तुमचा मॉनिटर १०८०पीचा असेल, म्हणजे १९२० बाय १०८०, तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. कुठलाही धड हब तो ६० हर्ट्झला सहज चालवतो. घराघरांत येणारे २२ आणि २४ इंची मॉनिटर बहुतेक याच जातीचे असतात, आणि त्यांच्यासाठी फोर-केच्या नावानं जास्त पैसे मोजायची गरज नाही.

फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६०चा, मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर मात्र हबच्या खोक्यावर बारीक बघा. '४के' एवढंच ठळक असतं, आणि '३० हर्ट्झ' कोपऱ्यात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा. ३० वर चित्रपट बरा दिसतो, पण माउस हलवला की बाण अडखळत जातो, पान सरकवताना अक्षरं फरफटतात. दिवसभर काम करणाऱ्याला ते सहन होत नाही.

हे ३० कुठून येतं? यूएसबी-सीमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन, म्हणजे वाटा, असतात. वेगवान यूएसबी पोर्टं देणारा हब त्यातल्या दोन यूएसबीसाठी ठेवतो आणि दोन चित्राला देतो. ४के चित्र ६० हर्ट्झला पाठवायचं तर सेकंदाला साधारण १२.५ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्टच्या जुन्या १.२ आवृत्तीच्या दोन लेनमधून ८.६ जातात, नंतरच्या १.४च्या दोन लेनमधून जवळपास १३. म्हणून लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.४चा आणि हबवर '४के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेलं, हे दोन्ही जुळलं तरच ६० मिळतात. एक बाजू लंगडी असेल तर दुसरीचा उपयोग नाही. काही हब चारही लेन चित्राला देतात. तिथे ४के ६० मिळतं, पण हबची यूएसबी पोर्टं यूएसबी २.०च्या म्हणजे ४८० मेगाबिटच्या वेगानं चालतात. कीबोर्ड-माउसला पुरतं, बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो उतरवायला बसलात तर चहा होऊन जाईल.

एचडीएमआय केबलही बघायला हवी. सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली जुनी केबल १०८०पीला चालून जाते. ४के ६०साठी 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा त्यावरची 'अल्ट्रा हाय स्पीड' घ्या, आणि दोन मीटरच्या आसपासच ठेवा. लांबी वाढली की चित्र मधूनच जायला लागतं.

मॉनिटरला एचडीएमआय नसून फक्त जुनं निळं व्हीजीए असेल, तर व्हीजीए पोर्ट असलेलाच हब घ्या. एचडीएमआय हब, त्याला व्हीजीए कन्व्हर्टर, त्याला पुढे केबल अशी माळ लावू नका. बिघाड कुठे आहे ते शोधताना जीव जातो.

चार्जिंग

हबला 'पीडी' लिहिलेलं यूएसबी-सी पोर्ट असेल तर लॅपटॉपचा चार्जर त्यात लावता येतो आणि वीज हबमधून लॅपटॉपला जाते. खोक्यावर १०० वॉट लिहिलेलं असलं तरी हब स्वतःसाठी काही वॉट काढून घेतो. ६५ वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉपला त्याहून कमीच पोहोचणार. साध्या कामाला हे चालतं. जड काम करताना बॅटरी हळूहळू उतरताना दिसली तर कारण हेच. लॅपटॉपचा चार्जर गोल पिनचा असेल तर तो नेहमीसारखा थेट लॅपटॉपलाच लावा, पीडीचा विचार करायला नको. फोनचा लहान चार्जर पीडीत लावून लॅपटॉप चालेल अशी आशाही ठेवू नका.

जुन्या वाड्यात, चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत आणखी एक गोष्ट जाणवते. धातूच्या लॅपटॉपवर किंवा हबवर हात टेकवला की मुंग्या आल्यासारखं होतं. बहुधा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलेला असतो किंवा सॉकेटला अर्थिंगच नसतं. चार्जरमधून झिरपणाऱ्या किरकोळ प्रवाहाला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून तो तुमच्या हातातून जातो. मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्ही अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटात लावा. सॉकेटबद्दल शंका असेल तर वायरमनला दाखवा.

आता जोडू या

१. मॉनिटरची पॉवर केबल लावून तो चालू करा.
२. एचडीएमआय केबलचं एक टोक मॉनिटरला, दुसरं हबला. मॉनिटरच्या मागे दोन एचडीएमआय पोर्टं असतील तर कुठल्या नंबरात खोचलं ते लक्षात ठेवा.
३. हबमधून चार्जिंग करणार असाल तर चार्जर हबला लावा.
४. आता सगळ्यात शेवटी हब लॅपटॉपच्या योग्य पोर्टात घाला, अगदी शेवटपर्यंत. लॅपटॉपला जाड कव्हर असेल तर प्लग पूर्ण बसत नाही, ते काढून बघा.
५. दहा-पंधरा सेकंद थांबा. पडदा एकदोनदा काळा होणं, लुकलुकणं हे ओळख पटवण्याचं काम आहे.

मॅकवर 'ही ॲक्सेसरी जोडू द्यायची का' असा प्रश्न आला तर 'अलाउ' म्हणा. नाही म्हटलंत तर हबचे यूएसबी पोर्ट गप्प राहतात.

हब थोड्या वेळात कोमट होतो. धातूचा असेल तर जास्तच वाटतो. तेवढं चालतं, हात ठेववत नसेल इतका तापला तर मात्र काढून ठेवा.

पडद्यावर काय हवं ते ठरवा

विंडोजमध्ये विंडोजची कळ दाबून 'पी' दाबा. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे तेच, दोन्ही मिळून एक मोठा पडदा, फक्त मॉनिटर. शिकवताना किंवा मीटिंगमध्ये दाखवताना 'डुप्लिकेट', काम करताना 'एक्स्टेंड'. नव्यानं मॉनिटर घेतलेले बरेच लोक 'डुप्लिकेट'वरच महिनोन्महिने राहतात आणि मॉनिटरचा काही फायदा झाला नाही म्हणतात. 'एक्स्टेंड' करा. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला लिहायचं पान, आणि मान व खिडक्या दोन्हींची उलटापालट थांबते.

मग 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले'. इथे १ आणि २ अशा दोन चौकटी दिसतील. मॉनिटर टेबलावर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला त्याची चौकट ओढून ठेवा, नाहीतर माउस उजवीकडे नेला की भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं निवडा. 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा तपासा. ६० शक्य असून ३०वर अडकलेलं इथेच सापडतं. मॅकवर हेच सगळं 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'डिस्प्लेज'मध्ये, आणि उबंटूत 'सेटिंग्ज'मधल्या 'डिस्प्लेज'मध्ये.

आवाज अचानक गेला तर घाबरू नका. एचडीएमआय लागल्यावर लॅपटॉप अनेकदा आवाजही मॉनिटरकडे पाठवतो, आणि मॉनिटरला स्पीकर नसतो. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हातून लॅपटॉपचा स्पीकर पुन्हा निवडा.

मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी 'स्केल'कडे जरा जास्त लक्ष द्यावं. इंग्रजी अक्षर लहान असलं तरी वाचता येतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार अशी दाटी असते. २७ इंची १०८०पी मॉनिटरवर इंचाला जेमतेम ८२ ठिपके पडतात, त्यात 'र्थी'चा रफार वेलांटीत मिसळून जातो. २४ इंचीवर तेच ९२ होतात, फरक डोळ्याला कळतो. मॉनिटर अजून घ्यायचा असेल आणि काम मजकुराचं असेल, तर २७ इंची १०८०पीपेक्षा २४ इंची घ्या, किंवा २७ इंचीत २५६० बाय १४४०चा. घेऊन झाला असेल तर स्केल १२५ टक्के करा आणि विंडोजच्या शोधचौकटीत 'क्लिअरटाइप' टाकून येणाऱ्या नमुन्यांतून सगळ्यात सुबक दिसणारा निवडा. टीव्हीवर अक्षरांच्या कडेला रंग फुटत असतील किंवा पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' नाव द्या किंवा 'स्क्रीन फिट'सारखा पर्याय लावा.

काहीच दिसत नाही

आधी मॉनिटरचं बटण दाबून इनपुट किंवा सोर्स बघा. केबल एचडीएमआय २मध्ये आणि मॉनिटर वाट बघतोय एचडीएमआय १वर, हे सर्रास घडतं. मग हब लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी-सी पोर्टात घालून बघा. लॅपटॉप हबशिवाय रीस्टार्ट करा, पूर्ण सुरू झाल्यावर हब लावा. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' एकदम दाबलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर ताजा होतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. मॅकवर 'डिस्प्लेज'मध्ये ऑप्शनची कळ दाबून धरली की 'डिटेक्ट डिस्प्लेज' हे बटण दिसतं.

तरीही नाही? हबमध्ये माउस लावून बघा. माउस चालतो पण चित्र नाही, तर संशय पुन्हा पोर्टावर जातो: तिथे फक्त डेटा असावा. माउसही चालत नाही, तर हब बिघडलेला असावा किंवा नीट बसलेला नसावा. निकाल लावायचा सोपा मार्ग म्हणजे ज्याच्या लॅपटॉपवर मॉनिटर चालतो अशा मित्राकडे तुमचा हब लावून बघणं.

ज्यांचा मॉनिटर हबशिवाय थेट यूएसबी-सीनं जोडला जातो, त्यांनी केबल तपासावी. फोनबरोबर आलेली चार्जिंगची केबल दोन्ही टोकांना अगदी तशीच दिसते, पण तिच्यात चित्राच्या तारा नसतात. मॉनिटरच्या खोक्यातलीच केबल वापरा.

चित्र येतं पण मधूनच जातं, तेव्हा एचडीएमआय केबल बदलून बघा आणि हर्ट्झ एक पायरी खाली आणा. गॅसवर खालीवर होणाऱ्या खुर्चीवरून उठताना पडदा काळा होतो असं कुणी सांगितलं तर हसू नका. तिथे साठणारी स्थिर वीज उडते आणि कच्च्या आवरणाच्या केबलला तेवढा धक्का पुरतो.

बिनतारी माउस अडखळायला लागला तर त्याचा छोटा रिसीव्हर हबमधून काढा. यूएसबी ३ची पोर्टं आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि असे बहुतेक माउस त्याच पट्ट्यात बोलतात. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात घातला की काम होतं.

रोजच्या वापरात

हबला हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लागलेला असेल तर हब उपसण्याआधी तो 'इजेक्ट' करा. फाइल उतरत असताना हबचा चार्जर काढू किंवा लावू नका. विजेची दिशा बदलताना अनेक हब क्षणभर सगळी जोडणी तोडतात आणि फाइल अर्धवट राहते. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल आणि चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल, तर हेच आपोआप घडतं, म्हणून मोठ्या फाइली थेट लॅपटॉपच्या पोर्टातून उतरवा.

लॅपटॉप मिटून फक्त मॉनिटरवर काम करायचं असेल तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' निवडा. मॅकला त्यासाठी चार्जर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस लागतो. मिटलेला लॅपटॉप उशीवर किंवा पुस्तकांच्या ढिगात ठेवू नका, हवा खेळू द्या.

आणि मॉनिटर नुसता बटणानं बंद केला, केबल तशीच राहिली, तर लॅपटॉपला तो अजून जोडलेलाच वाटू शकतो. मग एखादी खिडकी तिकडच्या काळ्या पडद्यावर उघडते आणि तुम्ही ती शोधत बसता. खालच्या पट्टीवरच्या तिच्या चिन्हावर क्लिक करा, आणि विंडोजची कळ व शिफ्ट दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावर येते.